उकडणे आणि भाजणे : हवेतल्या ओलाव्याचा हिशेब



आपल्या मराठीत उन्हाळ्यासाठी दोन क्रियापदे आहेत. मुंबई-रत्नागिरीकडचा माणूस म्हणतो, "काय उकडतंय हो!" नागपूर-चंद्रपूरकडचा म्हणतो, "अंग भाजून निघालं." उकडणे म्हणजे वाफेवर शिजणे. मोदक उकडतात, बटाटे उकडतात. भाजणे म्हणजे कोरड्या आचेवर. भाकरी भाजतात, कणसे भाजतात. आपल्या वाडवडिलांनी कुठल्याही यंत्राशिवाय हा फरक ओळखला आणि तो भाषेत नोंदवून ठेवला. उन्हाळा एकच, पण हवा ओली असेल तर माणूस उकडतो आणि कोरडी असेल तर भाजतो.

साखर कारखान्याच्या अंकात हवामानाचा हा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आपला धंदा उघड्या रानावरचा. ऊस रानात, तोडणारा रानात, पाणी पाजणारा रानात आणि बैलही रानात. गेल्या काही वर्षांत गळीत हंगाम कधी कधी उन्हाळ्यात घुसू लागला आहे. अशा वेळी "आज पारा किती?" एवढे विचारून भागत नाही. पाऱ्याच्या आकड्यावर विसंबून आपण कामाचे जे अंदाज बांधतो, ते पुष्कळदा उलटे ठरतात आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या अंगावर पडते. म्हणून हा हिशेब सर्वांनी एकदा समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

पारा काय सांगतो आणि काय लपवतो

मे महिन्यातल्या दोन दुपारी घेऊ. नागपुरात सावलीतला पारा ४४ अंश सेल्सिअस आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. मुंबईत पारा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के. नुसता पारा पाहिला तर मुंबई १० अंशांनी सुखी. पण मुंबईकराला विचारा! सदरा पाठीला चिकटलेला, घाम निथळतोय, पंख्याखाली बसूनही जिवाची घालमेल.

अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ साली तापमान आणि ओलावा यांची सांगड घालून "माणसाला प्रत्यक्ष किती गरम वाटते" याचे गणित मांडले. त्यावरून पुढे उष्णता-निर्देशांक तयार झाला. त्या गणिताने पाहिले, तर नागपूरची ती दुपार ४३ अंशांसारखी भासते आणि मुंबईची ४६-४७ अंशांसारखी. म्हणजे पाऱ्याने मुंबई खाली, पण अंगाने मुंबई वर.

आपल्या हवामान खात्यानेही हे ध्यानात घेतले आहे. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असावे लागते. किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांपासूनच विचार सुरू होतो. (नेहमीच्या सरासरीपेक्षा तापमान किती वाढले, तेही पाहिले जाते.) समुद्राकाठचे ३७ हे देशावरच्या ३७ सारखे नसतात, हे त्यात आपोआप आले.

हवेची तहान

आता ओलावा म्हणजे नेमके काय, ते बघू. हवेला तहान असते असे समजा. हवा जितकी गरम, तितकी तिची तहान मोठी. एक घनमीटर हवा घेतली, तर १० अंशांना तिच्यात जास्तीत जास्त ९ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. २० अंशांना १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम. दर १० अंशांना भांडे सुमारे पावणेदोन पट मोठे होत जाते.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हे भांडे शेकडा किती भरले, त्याचा आकडा. म्हणून तो एकटाही फसवतो. हिवाळ्यात पहाटे रानात दहिवर पडलेले असते, पारा २० वर, भांडे काठोकाठ भरलेले. आर्द्रता १०० टक्के. दुपारी पारा ३५ वर जातो. हवेत पाणी तेवढेच, १७ ग्रॅम, पण भांडे आता जवळजवळ ४० ग्रॅमचे झालेले. आर्द्रता आली ४३ टक्क्यांवर. पाणी कुठे गेले नाही, भांडे मोठे झाले. तेव्हा "सकाळी आर्द्रता ९० टक्के होती" असे बातमीत ऐकून घाबरू नये. दुपारी किती आहे, ते विचारावे.

पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटते, मिठाची बरणी ओलावते, पापड मऊ पडतो. हवेची तहान भागली की ती वस्तूंमधले पाणी तर घेत नाहीच, उलट स्वतःजवळचे त्यांना देऊ लागते. आपल्या गोदामातील साखरेच्या पोत्यांना पावसाळ्यात जपावे लागते ते याच कारणाने. हवा फार ओली झाली की साखरेचा कण भोवतीचा ओलावा ओढतो, पुन्हा सुकताना एकमेकांना चिकटतो आणि पोत्यात खडे होतात.

माठाची परीक्षा

हवा किती तहानलेली आहे, हे ओळखण्याचे सर्वांत स्वस्त यंत्र प्रत्येकाच्या घरात आहे. ते म्हणजे माठ. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेरची हवा ते पिऊन टाकते आणि सुकताना ते पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार. ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी माठाचे पाणी दाताला लागते. तोच माठ ऐन पावसाळ्यात कोकणात ठेवला, तर वरून ओलाचिंब दिसेल, पण पाणी काही गार होणार नाही. हवेला तहानच नाही, मग पाणी सुकणार कसे?

शास्त्रज्ञांनी हेच तत्त्व काचेच्या नळीत आणले. दोन तापमापक शेजारी शेजारी लावायचे. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळायची आणि त्यावर वारा घालायचा. कोरडी हवा असेल तर ओला तापमापक बराच खाली उतरतो. ओली हवा असेल तर दोघांत फरक फारसा पडत नाही. आपल्या वरच्या उदाहरणात नागपूरच्या दुपारी कोरडा ४४, तर ओला फक्त २३ च्या आसपास. मुंबईत कोरडा ३४, तर ओला २९ च्या वर. खरी गोम इथे आहे. घाम सुकून अंग कुठवर गार होऊ शकेल, ते हा ओला तापमापक सांगतो.

आपल्या कारखान्यात हे रोज घडते. कंडेन्सरचे गरम पाणी आपण स्प्रे पॉण्डवर फवारतो. ते पाणी गार होते ते सुकण्यामुळेच, आणि कितीही फवारले तरी ओल्या तापमापकाच्या आकड्याखाली ते जात नाही. कोरड्या, गार हवेत पाणी छान निवते. हवा दमट झाली की पाणी गरमच राहते, पॅनची व्हॅक्युम नीट बसत नाही आणि पॅनवरचे लोक कुरकुर करू लागतात. माणसाचे शरीर हे असेच एक स्प्रे पॉण्ड आहे.

शरीराचा हिशेब असा. आतले तापमान ३७ अंश, कातडीचे ३५ च्या आसपास. भारी कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगात तासाला तीन-चारशे किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर टाकली नाही तर अंग तापत जाते. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला निदान अर्धा-पाऊण लिटर घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकला पाहिजे. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम फुकट गेला. त्याने शरीरातले पाणी आणि मीठ नेले, उष्णता मात्र ठेवली. "घाम गाळणे" आणि "घाम सुकणे" यातला फरक एवढा मोठा आहे.

ओला तापमापक ३५ अंशांवर गेला, तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असे गणित शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडले. पुढे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०२२ साली आले. दमट हवेत ही मर्यादा ३५ नसून ३१ च्या आसपासच आहे, असे त्यात दिसले. कष्ट करणाऱ्याची, वयस्कराची, आजाऱ्याची मर्यादा त्याहून खाली, हे उघड आहे.

घाट उतरला की हवा बदलते

आपला महाराष्ट्र या बाबतीत मोठा शिकवणारा आहे. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला जा. चार तासांच्या आत माणूस एका हवेतून दुसऱ्या हवेत जातो. घाटमाथ्यावर वारा गार, पण खाली साखरप्याच्या पुढे गेले की मानेभोवती चिकचिक सुरू.

कोकणात समुद्र जवळ, म्हणून तापमान फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मे महिन्यात मुंबईला दिवसा साधारण ३३-३४ आणि रात्री २७. रात्रीची सुटका नाही. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८, पण पहाटे २०-२१. हवेतली वाफ ही रात्रीच्या गोधडीसारखी असते. ती जमिनीची ऊब वर जाऊ देत नाही. कोरड्या मुलखात आकाश मोकळे, म्हणून सूर्य बुडाला की रान निवते आणि माणसाला चार तास सुखाची झोप लागते. दिवसभर तापलेल्या शरीराला ही झोप औषधासारखी असते.

जुन्या लोकांनी घरेही हवेप्रमाणे बांधली. कोकणातले घर उताराचे, कौलारू, पुढे ओटी आणि पडवी, जेणेकरून वारा आरपार जावा. दमट हवेत वारा हाच वैद्य. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे मात्र माळवदाची घरे, दोन-दोन हात जाडीच्या भिंती आणि लहान खिडक्या. तिथे दुपारचा वारा म्हणजे झळ, तो आत येऊ द्यायचाच नाही. कपड्यांचेही तसेच. कोकणातला माणूस पंचा नेसून उघड्या अंगाने बागेत काम करतो. देशावरचा मात्र मुंडासे, पैरण, धोतर असे अंग झाकून रानात जातो. विदर्भात तर तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळल्याखेरीज दुपारी कोणी बाहेर पडत नाही. हा शिष्टाचाराचा भाग नाही. ओल्या हवेत अंग उघडे ठेवून घाम सुकवायचा असतो. कोरड्या हवेत अंग झाकून झळ अडवायची असते.

वाळ्याच्या ताट्या आणि डेझर्ट कूलर नागपूर-अकोल्यात चालतात ते म्हणूनच. मुंबईत तोच कूलर लावला तर खोलीत आणखी वाफ भरते. पाहुण्याच्या घरी कूलर बघून आपल्याकडे आणण्याआधी माठाला विचारावे!

पण कोरडी उष्णता सौम्य असते, असा अर्थ कोणी घेऊ नये. तिथे धोका वेगळा. घाम येतो तसा सुकतो, म्हणून घाम आल्याचे कळतच नाही. माणूस म्हणतो, "मला कुठं घाम आलाय?" आणि दुपारपर्यंत दोन-तीन लिटर पाणी अंगातून गेलेले असते. खिशात कांदा ठेवण्याची पद्धत आहे, ती खुशाल ठेवावी, पण कांद्याने पाण्याची भरपाई होत नाही. थोडक्यात, ओली हवा घाम सुकू देत नाही आणि कोरडी हवा पाणी चोरून नेते. दोघींचा उपाय वेगळा.

आपल्या भागात तर दोन्ही हवा एकाच महिन्यात भेटतात. एप्रिलमध्ये कोरडे ऊन, पारा ४०, आर्द्रता २० टक्के. मग एका संध्याकाळी वळीव येतो. दुसऱ्या दिवशी पारा ३५, आर्द्रता ६० टक्के. सगळे म्हणतात, "बरं झालं, ऊन उतरलं. आता फड उरकून टाकू." पण ओला तापमापक पाहिला तर आदल्या दिवशी तो २३ च्या आत होता आणि आज २८ च्या वर आहे. पारा पाच अंश उतरला, शरीरावरचा भार मात्र तेवढाच वाढला.

थंडीतला ओलावा

थंडीचे गणित थोडे निराळे आहे. "ओली थंडी बोचते, कोरडी सोसते" असे सर्व जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण कारण हवेतल्या वाफेपेक्षा अंगावरच्या ओलीत जास्त आहे. गोधडी आपल्याला ऊब देते ती तिच्यात कोंडलेल्या कोरड्या हवेमुळे. पाणी उष्णता वाहून नेते ते स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने. गोधडी दमट झाली की ऊब गेली.

दिल्लीची जानेवारी आणि लेहची जानेवारी यांची तुलना करा. लेहला रात्री पारा उणे १० ते १५ पर्यंत उतरतो, पण हवा कोरडी. आकाश निरभ्र असेल तर दिवसा उन्हात बसलेल्याला बरे वाटते. दिल्लीत पारा शून्याच्या वर, पण धुके पडले की दिवसभर ऊन नाही, कपडे सुकत नाहीत, भिंती ओलावलेल्या. अशा दिवशी दुपारीसुद्धा १५ अंशांच्या वर पारा जात नाही आणि माणूस आतून कुडकुडतो.

थंडीत दुसरा शत्रू वारा. १० अंशांच्या पहाटे ताशी ४० किलोमीटर वेगाने मोटारसायकलवर निघालेल्या माणसाच्या उघड्या चेहऱ्याला ती थंडी ६ अंशांसारखी लागते. आता आपल्या सभासदाचे चित्र पाहा. रात्रीची वीज म्हणून डिसेंबरात दोन वाजता उसाला पाणी पाजायला गेलेला. पाय चिखलात, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले, वर वारा. पारा ९ असला तरी अंगाला ती थंडी त्याहून कितीतरी जास्त. पाणी पाजताना गमबूट आणि बरोबर कोरड्या कपड्यांचा एक जोड, हा खर्च औषधापेक्षा स्वस्त.

निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, हे आपण वाचतो. आपल्या उसाला मात्र बेताची, कोरडी थंडी मानवते. रात्री गारठा, दिवसा स्वच्छ ऊन आणि हवेत ओल कमी, असे झाले की उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यात साठू लागते. जानेवारी-फेब्रुवारीत उतारा चढतो तो या हवेच्या कृपेने. माणसाचे मात्र त्याच हवेत ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. परदेशी थंड मुलखात गेलेली आपली मुले फोनवर सांगतात, "इथं घरात नाकातून रक्त येतं." कारण तेच. शून्य अंशाच्या हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅम वाफ. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत येते. म्हणून तिकडे घरात वाफ सोडणारी यंत्रे ठेवतात. इकडे आपण वाफ कशी घालवावी या विवंचनेत असतो!

गोठ्यातही हाच न्याय

ज्यांच्या गोठ्यात संकरित गाई आहेत, त्यांनीही हा हिशेब ध्यानात ठेवावा. जनावरांसाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की जास्त दूध देणाऱ्या होलस्टिन गाईवर ताण येऊ लागतो, असे पशुवैद्यक मानतात. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेलाच हा आकडा जवळजवळ ७२ भरतो. म्हणजे आपल्याला जी हवा आल्हाददायक, तिथेच तिचा त्रास सुरू. खिलार आणि गीर जनावरे जास्त सोसतात. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती डुंबायला जाते. गोठ्यात नुसते पाणी मारून दारे बंद करू नयेत. हवा खेळती नसेल तर ते पाणी गार करण्याऐवजी वाफ होऊन बसते. पाणी आणि वारा हे जोडीनेच हवेत.

फडातले कोयते

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दहा-बारा फूट उंच उभा ऊस म्हणजे दमट खोलीच. आत वारा शिरत नाही आणि पानांतून सतत वाफ बाहेर पडत असते. बांधावर उभे राहून "आज हवा बरी आहे" म्हणणे सोपे. सरीत वाकून कोयता चालवणाऱ्याला वेगळी हवा असते. आपल्याकडे येणारी बहुतेक मंडळी बीड, अहिल्यानगर अशा कोरड्या मुलखातली. त्यांना उन्हाची सवय आहे, पण कोंडलेल्या ओलसर हवेची तितकी नाही.

२०२२ साल आठवून पाहा. त्या वर्षीचा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत गरम मार्च ठरला. त्याच हंगामात उसाचे पीक इतके की राज्यात काही ठिकाणी गाळप जूनपर्यंत चालले. मे महिन्याच्या उन्हात कोयते चालू होते. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. तेव्हा पुढचे उन्हाळे नुसते गरम नव्हे, तर जास्त दमटही होतील, अशी तयारी ठेवली पाहिजे.

हवेला कमी लेखले की काय होते, ते १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला दिसले. उघड्या मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात हा आकडा कोणी मोजणारही नाही. पण समुद्राजवळची हवा, डोक्यावर ऊन आणि तासन्‌तास बसणे. त्या उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ती माणसे कष्ट करत नव्हती, नुसती बसलेली होती.

आपल्या धंद्यातलाच परदेशातला दाखला आहे. मध्य अमेरिकेत पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या दमट, उष्ण पट्ट्यात ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी हा रोग. हजारो घरे त्याने बसवली. उष्णतेत दिवसेंदिवस केलेले अतिकष्ट आणि पाण्याची तूट हे त्याचे मोठे कारण मानले जाते. एल साल्वादोरमधील एका कारखान्याने २०१४-१५ च्या हंगामात साधे उपाय करून पाहिले. फडात हलवता येणारी सावली, जवळ पिण्याचे पाणी, ठरावीक विश्रांती आणि सुधारित कोयता. काम कमी होईल अशी भीती होती. झाले उलटे. दर माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. त्यात चांगल्या कोयत्याचाही वाटा आहे, हे खरे. पण विश्रांती दिली म्हणून तोड घटली नाही, एवढे निश्चित.

जगभर कष्टाच्या कामासाठी एक निर्देशांक वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकन लष्कराने आपल्या शिबिरांतले जवान उन्हाने पडू लागले म्हणून तो बसवला. त्यात दहा वाट्यांपैकी सात वाटे ओल्या तापमापकाला, दोन वाटे उन्हाच्या झळीला आणि साध्या पाऱ्याला फक्त एक वाटा. या एका मापावरून कळावे की अंगमेहनतीत ओलाव्याचे वजन किती. सवय झालेल्या माणसासाठी हा निर्देशांक मध्यम कष्टाला २८ आणि भारी कष्टाला २६ च्या वर गेला, की मधे मधे विश्रांती दिली पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी तो याच्या वर असणे मुळीच नवलाचे नाही.

आपण काय करावे

आम्हाला सभासदांची अडचण ठाऊक आहे. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटते, तुरे येतात. टोळी मिळाली की "आजच फड रिकामा करा" असा तगादा लावावासा वाटतो. यात कोणी वाईट नाही. पण खालील गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्यांना खर्च फारसा नाही.

एक. मार्चनंतर तोड पहाटे लवकर सुरू करू द्यावी आणि ११ च्या सुमारास थांबवावी. राहिलेले काम ४ नंतर. वळवाच्या दुसऱ्या दिवशी तर हा नियम जास्तच पाळावा.

दोन. फडाच्या टोकाला पाण्याचा बॅरल सावलीत ठेवावा. दर २० मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. जोडीला ताक, लिंबू-मीठ-साखर. नुसते पाणी मिठाची भरपाई करीत नाही. बायामाणसे लघवीला आडोसा नाही म्हणून पाणी टाळतात. तो आडोसा करून देणे हेही मालकाचे काम समजावे.

तीन. बांधावर झाड नसेल तर चार बांबू आणि एक ताडपत्री. सावली जितकी जवळ, तितकी ती वापरली जाते.

चार. नव्याने आलेल्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात अर्धेच काम. शरीराला उष्ण हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात.

पाच. चक्कर, डोके दुखणे, उलटी, पायात गोळे येणे या पहिल्या खुणा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये. कष्टाच्या उष्माघातात घाम चालूच असतो. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. आधी अंग गार करणे, मग गाडी शोधणे. ही मिनिटे मोलाची असतात.

सहा. गट कार्यालयात दोन साधे तापमापक आणि मलमलीची चिंधी लावून ठेवणे कोणालाही जमेल. रोज दुपारी दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. महिनाभरात सगळ्यांना अंदाज येईल. तोवर घरचा माठ आहेच. ज्या दिवशी माठाचे पाणी गार होत नाही, त्या दिवशी फडातल्या माणसाचे अंगही गार होत नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक शेतकी मदतनीसाने, मुकादमाने आणि सभासदाने ध्यानात ठेवावे.

उसाला पाणी किती, खत किती, तोड केव्हा, याचा हिशेब आपण चोख ठेवतो. तो ऊस आपल्या गव्हाणीपर्यंत आणणाऱ्या माणसाच्या घामाचाही हिशेब ठेवू. तो सुकतो की नुसता गळतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.